रोज चार मिनिटं आधी

१

एक्स-रे काढणाऱ्या माणसाचा दिवस कोऱ्या फिल्मने सुरू होतो. निदान माझा तरी व्हायचा. आदल्या संध्याकाळी चारही कॅसेटमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या चपट्या डब्यांत, नव्या फिल्मा भरून ठेवायच्या. सकाळी पेशंट यायच्या आधी त्यातली एक काढायची, कुणाचाही फोटो न घेता तशीच डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग फिक्सरमध्ये, मग पाण्यात. स्वच्छ, आरपार दिसणारी आली तर औषधं ठीक, लाल दिवा ठीक, फिल्मचं पाकीट ठीक. काळपट आली तर दिवस वाईट. उदगीरला शिकलेला हा नियम मी देवपूजेसारखा पाळत होतो. खरं तर देवपूजेपेक्षा जास्तच, कारण देवपूजा मी सुगंधावर, म्हणजे माझ्या बायकोवर, सोपवून मोकळा झालो होतो.

हे १९७५ सालचं. बोईसरात डॉक्टर सावे यांचा दवाखाना होता, त्यात मी कामाला होतो. खाली दवाखाना, वर कौलारू छपराची लाकडी माडी. माडीवरची एक खोली डॉक्टरांनी आम्हा दोघांना राहायला दिली होती. तारापूरच्या कारखान्यांत भरती जोरात चालू होती, आणि भरती होणाऱ्या प्रत्येकाला छातीचा फोटो लागायचा. त्यामुळे मला मान वर करायला सवड नसायची, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती.

ऑगस्टात डार्करूमच्या भिंतींना पाझर फुटला. कॅसेट नेहमी उभ्या ठेवायच्या, आडव्या ठेवायच्या नाहीत, हाही उदगीरचाच नियम. पण उभ्या ठेवायच्या तर भिंतीला टेकवाव्या लागणार, आणि भिंत तर ओली गच्च. म्हणून मी छताखाली वीतभर अंतरावर एक लांब फळी ठोकली आणि चारही कॅसेट तिच्यावर ओळीने आडव्या निजवल्या. आयुष्यात एवढा एकच नियम मी जाणूनबुजून मोडला.

बारा ऑगस्टला, मंगळवारी, पावणेदहाला मी नेहमीसारखी कोरी फिल्म धुतली. ती काळपट आली. एवढ्याने काही आभाळ कोसळलं नव्हतं, दमट हवेत फिल्म खराब होते. पण त्या काळपटपणात पांढरे ठिपके होते. दोन सरळ ओळींत, सारख्या अंतरावर, मोजून अठरा.

दमट हवेला ओळ आखता येत नाही. मी ती फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ उभा राहिलो.

२

मी तसा संशयी माणूस आहे. भाजी घेतानासुद्धा वांगं उलटंपालटं करून बघतो. तेव्हा मी एकेक गुन्हेगार पकडायला लागलो. औषधं ओतून नवी केली. लाल दिव्याची काच पुसली. दाराच्या फटीत कापड कोंबलं. फिल्मचं दुसरं पाकीट फोडलं. एक्स-रेच्या मशीनची तार भिंतीतून उपटून ठेवली.

तरीही बुधवारी काळपट फिल्म आणि अठरा ठिपके.

दवाखाना झाडायला जवळच्या पाम गावाहून नवसी यायची. वारली बाई, साठीच्या पुढची. आसपासच्या पाड्यांवरची निम्मी बाळंतपणं तिनेच केलेली. मी पुन्हा पुन्हा डार्करूममध्ये शिरतो हे बघून ती झाडू टेकवून उभी राहिली.

"दादा, त्या काळोखात काय हाय एवढं? बायकोवर रुसून बसता का काय?"

"फिल्म खराब होतेय, नवसी."

"मग टाकून द्यावी. खराब झालेला भात आमी ठेवतो का?"

माझ्याच्याने टाकवेना. मी एका फिल्मच्या पट्ट्या कापल्या आणि सकाळभर दर पंधरा मिनिटांनी फळीवरच्या कॅसेटमधली पट्टी बदलत राहिलो. बुधवारी साडेनऊ ते पावणेदहा फळीवर असलेली पट्टी तेवढी काळी झाली, बाकीच्या स्वच्छ. म्हणजे जे काही घडत होतं ते ठरावीक वेळी घडत होतं आणि चटकन संपत होतं. शनिवारी मात्र साडेनऊनंतरची पट्टी कोरीच निघाली. काळी झाली ती तिच्या आधीची, सव्वानऊ ते साडेनऊची. चोराने वेळ बदलली होती, आणि मी सगळ्या वेळा वहीत टिपत होतो.

ठिपक्यांचं कोडं त्याच दिवशी सुटलं. फळीवरची धूळ पुसताना सहज वर बघितलं, तर डोक्यावर माडीच्या तक्तपोशीच्या लाकडी पाट्या, आणि पाट्यांत ठोकलेले खिळे. दोन ओळी. मी स्टुलावर चढून बोटाने मोजले. अठरा. फिल्मवर प्रत्येक खिळ्याची सावली खिळ्यापासून चार बोटं उत्तरेकडे सरकलेली होती.

माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो. किरण वरून येत होते, किंचित दक्षिणेकडून. पाट्यांतून आरपार येत होते आणि खिळ्यांपाशी अडत होते. पण वर माझ्या खोलीशिवाय काही नव्हतं, आणि खोलीवर होती ती कौलं. मी स्टुलावरून उतरलो, आणि पुन्हा चढून खिळे दुसऱ्यांदा मोजले.

३

रविवारी मी खंडेरावला बोलावलं. खंडेराव सांगलीकडचा, माझा मित्र. अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग मोजायच्या कामावर होता. अशा गोष्टींत त्याच्याइतका जाणता माणूस माझ्या ओळखीत दुसरा नव्हता.

"तुला वाटतंय आमच्याकडून काही येतंय," तो आल्या आल्याच म्हणाला. "गावात कुणाची म्हैस आटली तरी लोक आमच्याकडेच बघतात."

खिशातलं पेनासारखं मापयंत्र काढून त्याने फळीवर ठेवलं. शेजारी मी कॅसेट ठेवली. साडेनऊला त्याने यंत्र उजेडाकडे धरून डोळ्याला लावलं. काटा शून्यावर. मी कॅसेट उघडून फिल्म धुतली. काळपट, ठिपक्यांसकट. खंडेराव तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्या वहीतल्या वेळा दोनदा वाचल्या.

"सूर्य रोज साधारण त्याच वेळी डोक्यावर येतो," शेवटी तो म्हणाला. "तारे नाही. तारे रोज चार मिनिटं आधी येतात. तुझ्या वेळासुद्धा तशाच आधी-आधी सरकतायत."

वर माडीवर चहा पिताना त्याने पुढचं सांगितलं. त्याच्या एका साहेबांनी ऐकलं होतं की याच महिन्यात आभाळात एक नवा क्ष-किरणांचा तारा सापडलाय. नवा म्हणायचं इतकंच, तारे जुनेच. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक दुसऱ्याच्या अंगातलं ओढून घेत असतो, थेंबाथेंबाने, वर्षानुवर्षं. कुणाला पत्ता लागत नाही. आणि मग एक दिवस ते साठलेलं सगळं भडकतं आणि आभाळातल्या सगळ्यांपेक्षा तोच जास्त एक्स-रे फेकायला लागतो.

सुगंधा बशी पुढे करत म्हणाली, "एकाच्या अंगातलं दुसरा ओढून घेतो, म्हणजे आमच्यासारखंच की." तिला सातवा महिना चालू होता. आम्ही तिघंही हसलो.

"मग तो ताराच का?" मी विचारलं.

"वेड लागलंय का तुला? ते किरण जमिनीवर पोचतच नाहीत. डोक्यावर एवढी हवा आहे, ती म्हणजे दहा मीटर खोल पाण्याइतकी झाली. त्यातून कण येणार नाही. म्हणून तर यंत्रं घेऊन वर अवकाशात जावं लागतं." त्याने कप खाली ठेवला. "आणि पोचले असते, तर माझ्या यंत्राने दाखवले नसते का?"

तो बरोबर बोलत होता. मला त्याचं सगळं पटलं, आणि सोमवारी फिल्म पुन्हा काळपट आली.

४

बुधवारी, वीस तारखेला, मी साडेनऊला फिल्म धुतली. चारपैकी तिसऱ्या कॅसेटमधली. खिळे होतेच. त्यांच्यामध्ये दोन लांबट, बंद सेफ्टी पिना होत्या.

लाल दिव्यात मी त्या लगेच ओळखल्या. त्या पिना मी रोज बघत होतो. सुगंधा त्या मंगळसूत्राला अडकवून ठेवायची, एक मोठी, एक लहान. डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली होती. न्याहारी झाली की ती नऊ वाजता गोधडी अंथरून तासभर उताणी पडायची. इतके दिवस भिंतीकडे पडायची, पण तिथे कौलं गळायला लागली म्हणून दोन दिवसांपूर्वी तिने गोधडी खोलीच्या मधोमध ओढली होती. मधोमध म्हणजे बरोबर माझ्या फळीवर.

मी उरलेल्या तीनही फिल्मा एकदम धुवायला घेतल्या. पहिली नुसत्या खिळ्यांची. चौथीत एका कोपऱ्यात केसांचा आकडा. दुसरीत कमरेची हाडं होती, आणि त्या हाडांच्या वाटीत एक बाळ होतं.

डोकं, लहानशी कवटी. मण्यांच्या माळेसारखा पाठीचा कणा. काडीएवढे पाय पोटाशी घेतलेले. एक हात खाली सोडलेला. मी हजारो फोटो काढले होते, पण कुणाचा फोटो बघून मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, आणि पाठोपाठ भीती आली.

कारण माझं पहिलं मूल असंच गेलं होतं. एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात, उदगीरला, सातव्या महिन्यात, पोटातच. तेव्हा सुगंधा रोज दुपारी माझा डबा घेऊन यायची आणि एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी बाकावर बसायची. बस नको म्हणून तिला सांगायला मला सुचलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण मी मनातल्या मनात स्वतःला कधीच सोडलं नाही, आणि तिनेही बोईसरला येताना एकच अट घातली होती. "तुमच्या त्या पेटीचा उजेड माझ्या अंगावर पुन्हा पडायला नको." मी शपथ घेतली होती. आणि आता कुठला तरी उजेड रोज सकाळी तिच्यातून आरपार जात होता.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. गोधडी कुठेतरी लांब ओढायची, एवढंच डोक्यात होतं. सुगंधा उठून बसली होती. दोन्ही हात पोटावर.

"अहो," ती म्हणाली, "काल संध्याकाळपासून हललं नाही."

५

डॉक्टर सावे लगेच वर आले. लाकडी नळी तिच्या पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावून ते ऐकत राहिले. इकडे, तिकडे, वर, खाली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

गुरुवारी त्यांनी पुन्हा बघितलं. मग मला जिन्यात घेऊन आले.

"ठोके लागत नाहीत, बन्सी. एक फोटो काढू देत असेल तर बघू."

"नाही काढू देणार."

"मग वाट बघण्यात तिच्याच जिवाला धोका. उद्या दुपारी बारा वाजता माझ्या गाडीतून पालघरला नेऊ. तिथे औषध देऊन मोकळं करतील." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते चांगले डॉक्टर होते आणि मला तेव्हा त्यांचा रागच आला.

मी खाली जाऊन ती फिल्म पुन्हा उजेडाला धरली. बाळ होतं तसंच होतं. पण फोटोवरून जिवंत आणि मेलेलं कळत नाही. एका फोटोवरून तर नाहीच. दुसरा असता, तर दोन शेजारी शेजारी धरून हात जागचा हललाय का, पाय सरकलाय का, हे बघता आलं असतं. बुधवारी दुपारीच मी गोधडी कोपऱ्यात नेली होती, त्यामुळे गुरुवारच्या फिल्मांवर खिळ्यांशिवाय काही नव्हतं. दुसरा फोटो हवा असेल तर शुक्रवारी सकाळी तिला पुन्हा त्याच जागी निजवावं लागणार होतं. त्या उजेडात. मी, जाणूनबुजून.

बाळ जिवंत असेल तर त्याच्या अंगावर आणखी एकदा तो मारा. आणि न निजवावं, तर बारा वाजता गाडी.

माझ्याने ठरवता येईना. शेवटी चहाच्या वेळी फिल्म घेऊन मी वर गेलो आणि सुगंधाला सगळं सांगितलं. खिळे, चार मिनिटं, खंडेरावचा तारा. म्हटलं, आता ही मला वेड्यात काढणार, नाहीतर शपथ मोडली म्हणून माझं तोंड बघणार नाही.

तिने माझ्या हातातून फिल्म घेतली आणि खिडकीशी गेली. बाहेर पाऊस थांबला होता.

"मागच्या वेळी मला दाखवलंसुद्धा नाही कुणी," ती म्हणाली. "आई बघेल तर हाय खाईल, असं म्हणाले. तसंच नेलं गुंडाळून."

मला ठाऊक होतं. नेणाऱ्यांत मी होतो.

"हा उजेड तुमच्या पेटीतला नाही ना?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ. कुठून येतो ते मात्र मला खरंच माहीत नाही."

तिने फिल्म छातीशी धरली. "मग मी निजते उद्या. तुम्ही मात्र इथं बसा. मला एकटीला भीती वाटेल."

६

गुरुवारी रात्री वारं सुटलं आणि अख्ख्या बोईसरची वीज गेली. शुक्रवारी सकाळीही आली नव्हती. मला तिची गरज नव्हती. फळीवर चारही कॅसेट होत्या, आणि त्या आठवड्यात मिनिटामिनिटाला पट्ट्या बदलून वहीत लिहिलेल्या हिशेबाने वेळ होती आठ अठ्ठावन्न.

पावणेनऊला सुगंधा गोधडीवर उताणी निजली. पोटावर बांगड्यांची सावली पडू नये म्हणून मी तिला दोन्ही हात डोक्याखाली घ्यायला सांगितलं. मी तिच्यापासून चार हात दूर भिंतीला पाठ लावून बसलो, हात गुडघ्यांवर. मध्ये गजराचं घड्याळ.

पाऊस लागला होता. कौलांवर त्याचा एकसारखा आवाज चालू होता. कोपऱ्यातल्या पातेल्यात गळतीचा थेंब टपटपत होता. खाली नवसी बादली सरकवत होती. आठ पंचावन्न. मी मनाला समजावत होतो की इथे काही होत नाही, परवापर्यंत सकाळी ही इथेच पडत होती, मी खाली होतो, आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

मग पाऊस लांब गेला. थांबला नाही. खिडकीतून दिसत होता, पागोळ्या तशाच पडत होत्या, पण आवाज शेजारच्या घरावर पडत असल्यासारखा येत होता. पातेल्यातला थेंब मला दिसत होता आणि ऐकू येत नव्हता. घड्याळाची टिकटिक मात्र चालू होती, पहिल्यापेक्षा स्पष्ट. म्हणजे माझे कान शाबूत होते.

पाट्या एकदा करकरल्या. कुणी पाय ठेवावा तशा, पण जड माणसाचा नव्हे. माझ्याजवळ नाही, तिच्या पलीकडे. मी त्या बाजूला बघितलं. भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं.

सुगंधाचे डोळे मिटलेले होते. ती हळूच म्हणाली, "अहो, हात काढा की. गार लागतोय."

माझे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर होते. तिचे डोक्याखाली. मला ओरडायचं होतं, पण बाळाच्या आईला घाबरवायचं नाही एवढं एकच भान उरलं होतं.

"काढतो," मी म्हणालो.

"राहू दे मग," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

पाऊस परत आला, एकदम, सगळ्या आवाजानिशी. घड्याळात नऊ वाजून एक मिनिट झालं होतं.

मी खाली पळालो. लाल दिवा नव्हता, तेव्हा मिट्ट काळोखात हाताने चाचपत फिल्म धुतली, मनात आकडे मोजत. बाहेर आणून खिडकीशी धरली आणि बुधवारची शेजारी धरली.

खाली सोडलेला हात आता वर होता. मूठ तोंडाशी गेली होती. एक पाय लांब झाला होता. आणि सबंध बाळ कुशीवर वळलं होतं, पाठ आईच्या पाठीकडे करून.

मी हसलो की रडलो, आठवत नाही. पण मग मला दुसरं काहीतरी दिसलं. बाळाच्या डोक्यावर, अलगद टेकलेल्या पंजाची हाडं होती. पाच बोटं, पसरलेली. बांगडी नाही, अंगठी नाही.

कारखान्यात कोवळी पोरं वय वाढवून येतात, म्हणून डॉक्टर मला त्यांच्या मनगटाचा फोटो काढायला लावत. मनगटात जन्मतः हाडं दिसत नाहीत, वर्षागणिक एकेक दिसायला लागतं. त्यामुळे मनगट बघितलं की माझी नजर आपोआप मोजायला लागते. मी नको नको म्हणत असताना तिने मोजलं. चार हाडं.

म्हणजे वय चार वर्षं. आणि एकाहत्तरपासून पंचाहत्तरपर्यंत किती, ते कुणालाही मोजता येतं.

७

दहाला डॉक्टर आले. मी दोन्ही फिल्मा त्यांच्या हातात दिल्या. सुगंधा जिना उतरून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

ते खिडकीशी गेले. आधी एक, मग दुसरी, मग दोन्ही. त्यांच्या मानेची शीर फुगली.

"कुणी काढले हे?"

"मी."

"गर्भार बायकोचे? दोनदा? न विचारता?" इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "तुला या खोलीत पाऊल ठेवू देता कामा नये, बन्सी!"

"मीच सांगितलं यांना," सुगंधा म्हणाली. "मी निजले."

ही बाई आयुष्यात माझ्यासाठी पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेसुद्धा पुरतं खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा दुसऱ्या फिल्मकडे. ती अजून ओली होती. तिच्यावरून पाण्याचा थेंब त्यांच्या बुटावर पडला.

"ही आजची," ते सावकाश म्हणाले. "आज वीज नाही."

आणि मग त्यांना तो पंजा दिसला. त्यांनी फिल्म डोळ्यांजवळ नेली. मनगटापाशी त्यांची नजर थांबली आणि ओठ हलले. एक, दोन, तीन, चार. मला माहीत होतं ते काय करतायत. वयाच्या त्या सगळ्या दाखल्यांवर सही त्यांचीच असायची.

त्यांनी आपला तळवा त्या जागेवर ठेवला आणि ती झाकली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण माणूस मोठा, कारण तेवढ्यातही ते उरलेली फिल्म बघत होते.

"पाठ मागे आहे," ते म्हणाले. "बुधवारपासून हे वळत होतं. मी पुढून ऐकत होतो, आणि पुढे याचे हातपाय. नवसी, नळी आण."

सुगंधाला टेबलावर कुशीवर निजवलं. डॉक्टरांनी नळी पोटावर नाही, पार बाजूला, कमरेच्या वर टेकवली. कान लावला. नवसी बादली हातात घेऊन तशीच थिजली होती. डॉक्टरांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. मग ते नळी न हलवता बाजूला झाले आणि मला बोटाने बोलावलं.

मी कान लावला. आधी माझंच रक्त कानात वाजत होतं. मग त्याच्या खाली, खूप खोल आणि खूप घाईत, ते लागलं. टक टक टक टक, न थांबता, कुणाचीही पर्वा नसल्यासारखं.

"लागतंय का?" सुगंधाने विचारलं. मला बोलता येईना. मी नुसती मान हलवली, ती तिला दिसत नव्हती.

"अगो बाय, दादा रडतोय," नवसी म्हणाली. "म्हणजे लागतंय."

बारा वाजता डॉक्टरांची गाडी पालघरला गेली, रिकामी. दुसऱ्या कामाला. फिल्मा मला परत देताना ते एवढंच म्हणाले, "नंतर बोलू." ते कधीच बोलले नाहीत. दोघंही विज्ञानाला मानणारी माणसं. एकमेकांना काय विचारणार?

८

त्या दिवसापासून सुगंधाची गोधडी मी दुसऱ्या टोकाला नेली. फिल्मांवर खिळे आणखी काही आठवडे येत राहिले, रोज चार मिनिटं आधी आणि रोज थोडे पुसट. खंडेराव म्हणाला की ताराही मंदावत चाललाय. त्याने मोठ्या खात्रीने सांगितलं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकत नाही. दसऱ्याच्या सुमाराला कोरी फिल्म कोरी आली.

दिवाळीला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, नवसीच्या हातून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलगी झाली. मी जिन्यात उभा होतो. तिचा पहिला आवाज ऐकला आणि पायरीवर बसलो.

"जिती हाय, दादा," नवसी वरून ओरडली. "नुसती जिती नाय, लय भांडखोर हाय!"

दुसरी फिल्म मी सुगंधाला दाखवली नव्हती. बाळाची मूठ तोंडाशी गेली, पाय लांब झाला, एवढंच तिला सांगितलं होतं. ती फिल्म आमच्या ट्रंकेत तळाशी होती. वाटलं होतं, जन्मभर तिथेच राहील. पण बाराव्या दिवशी मुलीला पाळण्यात घालून सगळ्या बायका गेल्या आणि सुगंधा म्हणाली, "आता ते दुसरं आणा."

"कशाला?"

"त्या दिवशी हात तुमचा नव्हता," ती म्हणाली. "तुमचे हात गरम असतात."

मी आणली. ती खिडकीशी बसली, मांडीवर मुलगी झोपलेली, आणि फिल्म दुपारच्या उन्हात धरली. बाळ बघितलं. मग पंजा बघितला. मी तिच्याकडे बघायला भीत होतो. घाबरली तर काय सांगायचं, याची मी अडीच महिने तयारी केली होती आणि त्यातलं एक वाक्य मला आठवेना.

तिने आपलं बोट त्या लहान हाडांवरून फिरवलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, एकेक करत.

"अहो," ती म्हणाली, "केवढं मोठं झालंय."